मशीनची परीक्षा

"मशीन बिघडलंय," सासरे म्हणाले आणि दंडावरचा पट्टा त्यांनी चर्रकन सोडवला.

पडद्यावर एकशे बहात्तर, खाली एकशे चार. सुनेने आकडे वहीत लिहिले. हा सलग नववा दिवस. डॉक्टरांनी दिलेली गोळ्यांची पट्टी टेबलावर तशीच पडली होती. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"बाबा, मशीन कोरं करकरीत आहे."

"नवी घड्याळंच जास्त चुकतात. चाळीस वर्षं तीच उघडतोय मी. माझं डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, तीन जिने चढून वर येतो. मला कुठलं आलंय ब्लडप्रेशर?"

"दुखत नाही हीच तर त्याची गोम आहे. कळत नाही, आणि आतल्या आत पोखरत राहतं. एक दिवस अर्धं अंग लुळं पडलं म्हणजे मग कुणाला बिघडलंय म्हणणार?"

आज ती माघार घेणार नव्हती. कडेवरची दीड वर्षांची लेक तिने नवऱ्याच्या हातात दिली आणि खुर्ची ओढून सासऱ्यांच्या समोर बसली. "तुम्ही गोळी घेतल्याशिवाय मी इथून उठत नाही."

सासऱ्यांना हसू आलं. "बरं बाई. आमच्या धंद्यात एका घड्याळावर संशय आला, की ते चार घड्याळांशेजारी ठेवतात. लाव पट्टा सगळ्यांना. तुम्हा धडधाकट माणसांचे आकडे नीट आले, तर गोळी घेईन. नाही आले, तर हे मशीन माळ्यावर आणि तुझी कटकट बंद."

"कबूल."

नवरा : एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर. सासूबाई : एकशे चोवीस, ऐंशी.

"तुमच्याशी संसार करून एवढंच?" सासूबाई म्हणाल्या. "खरंच बिघडलंय वाटतं."

सगळे हसले. सुनेने पट्टा ऐटीत स्वतःच्या दंडाला गुंडाळला. मशीन घुरघुरलं, थांबलं.

एकशे सहासष्ट. खाली एकशे दोन.

"तावातावाने भांडत होतीस, म्हणून असेल," नवरा म्हणाला.

सासऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर धरलं. "पाठ टेकव. पाय जमिनीवर. अवाक्षर काढायचं नाही. पाच मिनिटं." रोज सकाळी ती त्यांना हेच बजावत असे. ते सेकंदकाट्यावरून नजर न हलवता बसून राहिले. मग बटण त्यांनीच दाबलं.

एकशे बासष्ट. खाली शंभर.

पैज सासऱ्यांनी जिंकली होती. पण ते मशीनकडे बघतच नव्हते, सुनेकडे बघत होते.

"पोटुशी होतीस तेव्हा वाढलं होतं तुझं. बाळंतपणानंतर पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. गेलीस?"

तिच्याकडून लेकीचे डोस चुकले नव्हते. सासऱ्यांच्या भाजीतलं मीठ चुकलं नव्हतं. तेवढं एक राहून गेलं होतं.

"मला काहीसुद्धा होत नाहीये बाबा," ती घाईघाईने पट्टा सोडवत म्हणाली. "मशीनच बिघडलेलं असणार. जिंकलात तुम्ही. टाका माळ्यावर."

सासऱ्यांनी टेबलावरची पट्टी उचलली. एक गोळी फोडली, जिभेवर ठेवली आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळली.

"मशीन बरोबर आहे," ते म्हणाले. "चप्पल घाल."