खोली नंबर चार

"चार नंबर सोडून कुठलीही घ्या," व्यवस्थापक बाई मायलेकींना म्हणाल्या. "तिथे कोणी टिकत नाही. दाराला लागूनच बेलचा बोर्ड आहे. कोणत्याही खोलीत बटण दाबलं, की तिथे वाजतं."

मुलीने लगेच वहीत लिहिलं: बेलचा आवाज. पानाच्या मधोमध रेघ होती. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. बाळ छातीशी झोळीत झोपलेलं होतं, त्यामुळे वही हातभर लांब धरून लिहावं लागत होतं.

डावी बाजू भरत चालली होती. न्हाणीघरात धरायला दांडे. उंबरठे नाहीत. दर मंगळवारी डॉक्टर. वाचनखोलीत खिडकीशी दोन खुर्च्या. ती सगळं प्रामाणिकपणे लिहीत होती, पण प्रत्येक ओळीला पेन अडखळत होतं. उजवीकडे मात्र हात सैल सुटत होता. जेवण साडेसातला म्हणजे साडेसातलाच. पडदे मळके. घरापासून दोन बस. या शेवटच्या ओळीखाली तिने दोनदा रेघ मारली होती.

ज्येष्ठांच्या या वसाहतीचं पत्रक आईनेच आणलं होतं. "बघून येऊ. बघायला काय जातं," एवढंच म्हणाली होती. मुलीने कारण विचारलं नाही. कारण घरातच होतं, पाच महिन्यांचं, रात्रीतून सहा वेळा उठणारं. आई बाळंतपणाला आली ती राहिलीच. बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायची. अडुसष्टाव्या वर्षी माणसाला निदान झोप तरी मिळावी, म्हणून मुलगी आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची आणि दाराखालच्या फटीत टॉवेलची गुंडाळी सारायची. बाळाने हूं केलं, की ती त्याला उचलायची. दिवसा आईने हात पुढे केले, तर म्हणायची, "राहू दे, तू पड जरा." तरी आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं वाढतच होती. आपणच कुठेतरी कमी पडतोय, असं मुलीला वाटायचं. मग ती टॉवेल आणखी घट्ट सारायची.

व्यवस्थापक बाईंनी अकरा नंबर उघडली. कोपऱ्यातली, झाडांच्या बाजूची. "इथे कसलाही आवाज येत नाही, आजी."

"आजी याची," आई बाळाकडे बोट दाखवून म्हणाली. "तुम्ही सिस्टर म्हणा. एकतीस वर्षं सवय आहे."

"अरे वा. कुठल्या वॉर्डात?"

"मुलांच्या."

आई पलंगावर बसली. हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. खरंच कसला आवाज नव्हता. झालं, मुलीला वाटलं, आवडली हिला. तिने डावीकडे लिहिलं: शांतता. लिहिताना तिला घरचा दिवाण दिसला. त्याच्यावर चादरीची चौकोनी घडी, उशी वर, आणि शेजारी आईच्या चपला नाहीत.

"चार नंबर बघू," आई उठत म्हणाली.

चार नंबर अरुंद होती. दाराबाहेर बोर्ड, त्यावर छोटे लाल दिवे. त्या आत शिरतात तोच बेल वाजली. नऊचा दिवा लागला. पलीकडून एक सेविका लगबगीने गेली, पण तिच्याआधी आईची मान वळली होती. मग आई पलंगावर आडवी झाली. पाय तेवढे चपलांसकट बाहेर ठेवले. पुन्हा बेल वाजली. आईने डोळे मिटले.

"हीच घेते."

व्यवस्थापक बाई फॉर्म आणायला गेल्या.

"आई, वेडी का तू? इथे डोळ्याला डोळा लागणार नाही."

"लागेल." आई डोळे न उघडता म्हणाली. "वॉर्डात रडणाऱ्या पोराची काळजी नसते गं. रडतंय म्हणजे ठीक आहे. गप्प झालं, की उठून बघावं लागतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय. तू दार लावतेस, वर टॉवेल घालतेस. पलीकडून हूं नाही की चूं नाही. पाच महिने बसून काढले मी त्या दिवाणावर. आता रडेल, मग रडेल."

डावीकडची 'शांतता' मुलीने खोडली आणि उजवीकडे लिहिली. मग तिने सगळं पान पुन्हा वाचलं. तिथे घराचा रकानाच नव्हता.

"आई," ती म्हणाली, "आजपासून टॉवेल काढते. दारही उघडं ठेवते. चालेल?"

आईचे डोळे मिटलेलेच होते. झोळीत बाळ जागं झालं. त्याने आधी कुरकुर केली, मग तोंड वाकडं केलं, मग भोकाड पसरलं. मुलीचा हात सवयीने त्याच्या पाठीवर गेला, थोपटायला. तिने पलंगाकडे पाहिलं आणि हात तिथेच थांबला.

व्यवस्थापक बाई फॉर्म घेऊन दारात आल्या. आत बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"अहो, गप्प करा ना त्याला. सिस्टर झोपल्यात."

"म्हणूनच," मुलगी म्हणाली. "रडू द्या त्याला जरा."