क्लचची तार
दौंडचं मोठं इस्पितळ चार मैलांवर असताना बैलगाडीला वाट द्यायला मी शिरूरच्या दवाखान्याची जीप थांबवली आणि क्लचची तार तुटली. मागं सरूबाई कळा देत होती, मूल आडवं होतं. तिचा नवरा हौसराव म्हणाला, “बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं.” नऊ वर्षं मीच चालवतेय गाडी! जमलेले बाप्येही म्हणाले, “आधी गडीमाणूस चालवाय बसवा, मग ढकलू.” माझं डोकंच फिरलं. “कोण बसतंय? क्लच कुठला, तेवढं दाखवा.” हौसरावानं ब्रेक दाखवला. “आता ढकला. गाडी पळाली की गिअर टाकते, पण क्लचशिवाय मधे थांबली तर पुन्हा निघायची नाही.” जीप सुटली आणि हौसराव धुळीत मागं राहिला. “नर्सबाई, मी राहिलो की! थांबा!” पाय सवयीनं त्या मेल्या पायडलवर गेला. सरूबाई कण्हत म्हणाली, “थांबू नका. त्यास्नी येऊ द्या चालत.”