तिसऱ्या ओळीनंतर

तिसरी ओळ संपली आणि सगळे थांबले. ऑर्गन एकटाच पुढे गेला.

लेकीने पट्ट्यांवरून हात उचलले. "पुन्हा घेऊ."

गाणारी मंडळी कामावरून तशीच आली होती. टपालवाल्याच्या खांद्याला रिकामी पिशवी लटकत होती. शिंपीणबाईंच्या कॉलरला टाचण्या टोचलेल्या होत्या. या चर्चमध्ये वर्षानुवर्षं ऑर्गन वाजवणाऱ्या बाई गेल्या होत्या. उद्या सकाळी त्यांचा अंत्यविधी होता आणि ऑर्गनवर त्यांची लेक बसली होती. "तू नुसती बस पुढच्या बाकावर, आम्ही दुसरं कुणी बघतो," असं पाळकांनी दोनदा सांगून पाहिलं. तिने ऐकलं नव्हतं.

पुन्हा तिसरी ओळ. पुन्हा तेच. सगळे तोंड मिटून उभे.

"आम्ही थांबतो तिथे," टपालवाला म्हणाला.

"पुस्तकात थांबा नाहीये, काका. आणि मला हे गाणं आईनेच शिकवलंय. याच स्टुलावर बसवून."

"मग आम्हाला काय पोपटाने शिकवलं? तिनेच की."

सगळे हसले. हसून झाल्यावर कुणी कुणाकडे पाहीना.

बेकरीवाल्या मावशी पुढे आल्या आणि ऑर्गनला टेकून उभ्या राहिल्या. "आमच्या ह्यांच्यासाठी सुरू झालं ते. तू तेव्हा इथे नव्हतीस. जन्मभर पीठ नाकातोंडात जाऊन ह्यांची छाती धरली होती. तिसऱ्या ओळीला दम संपायचा, चौथी हुकायची. माझ्यामुळे गाण्याचा विचका होतो म्हणाले, आणि यायचेच बंद झाले. तुझी आई घरी आली. म्हणाली, तुम्ही या, गाणं थांबेल. त्या रविवारी तिसरी ओळ झाली तशी तिने हात उचलले आणि मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाली, 'घ्या दम. आम्ही आहोत इथेच.' सगळं चर्च थांबलं. तेव्हापासून थांबतंय."

"पण काका तर गेले."

"गेले की. कधीच."

"मग आता कुणासाठी थांबता?"

मावशींनी खांदे उडवले. "मोडवत नाही."

लेक पट्ट्यांकडे बघत राहिली. तिला शिकवताना आईचा एकच नियम होता. चुकलीस तरी थांबायचं नाही, हात थांबला की गाणं गेलं. गेल्या तीन दिवसांत ती त्या नियमाने चालली होती. दवाखाना, शवपेटीसाठी सुतार, फुलं, आल्यागेल्यांचा चहा. एकदाही निवांत बसली नव्हती. एकदाही रडली नव्हती.

"मावशी," ती हळू म्हणाली, "मी उद्या मध्ये थांबले ना, तर मला परत सुरू करता येणार नाही."

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्या मंडळींकडे वळल्या. "उद्या कुणी थांबायचं नाही रे. पोरीबरोबर जायचं."

"आणि दम?" टपालवाल्याने विचारलं.

"घरून घेऊन ये."

सकाळी चर्च भरलं. वेदीसमोर शवपेटी ठेवली होती. लेकीने भात्यावर पाय ठेवले आणि सुरुवात केली. ऑर्गनवर छोटा आरसा होता, पाठीमागची मंडळी दिसावी म्हणून आईने तो आपल्या उंचीला बसवून घेतलेला. लेक उंच. तिला त्यात बघायला मान खाली घालावी लागत होती. पहिल्या कडव्याची तिसरी ओळ आली. ती थांबली नाही. मागचेही थांबले नाहीत. आरशात टपालवाल्याचा चेहरा लालबुंद झालेला दिसला. शिंपीणबाईंनी एक शब्द गिळला आणि पुढचा पकडला. इतक्या वर्षांची सवय मागे ओढत होती, तरी सगळे धापा टाकत तिच्याबरोबर येत होते. दुसरं कडवं गेलं. तिसरं गेलं.

शेवटच्या कडव्याला तिची मान अवघडली. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तिने पाठ सरळ केली, आणि आरशात माणसांच्या चेहऱ्यांऐवजी शवपेटी आली.

तिचे पाय थांबले. भात्यातली हवा संपत गेली, सूर खाली उतरला आणि विझला.

हात पट्ट्यांवरच होते, पण ते तिचे राहिले नव्हते. संपलं, तिला वाटलं. आता कुणीतरी खाकरेल. कुणीतरी घाईघाईने पुढची ओळ उचलेल आणि गाणं तिच्यावाचून पुरं होईल. पाळक उठतील, तिला हाताला धरून बाकावर नेऊन बसवतील.

कुणी खाकरलं नाही. कुणी पुढची ओळ उचलली नाही. पाळक जागचे हलले नाहीत. तिने मान खाली घालून आरशात पाहिलं. सगळं चर्च तोंड मिटून उभं होतं, काल संध्याकाळी ती मंडळी उभी होती तसंच. अश्रूचा थेंब तिच्या हनुवटीवरून पट्ट्यांवर पडला. दुसरा पडला. तरी कुणाची चुळबुळ नाही.

मग पहिल्या रांगेतून, समोर बघतच, बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या,

"घे दम, पोरी. आम्ही आहोत इथेच."