आजोबांच्या आवडीचा सिनेमा

नाताळच्या सुट्टीत सगळं घर जमलं होतं आणि नातीला नवाकोरा मारधाडीचा सिनेमा बघायचा होता. पण बाबांनी रिमोट ताब्यात घेतला.

"सणाच्या दिवशी तरी काही दर्जेदार बघा! हल्लीचे काय सिनेमे असतात? नुसती धाडधूड! आजोबांच्या काळातला अभिजात सिनेमा लावतोय. वर्षातून एकदा त्यांचं मन राखलं तर कुणाचं काही झिजणार नाही."

आजोबांना अर्थातच कुणी विचारलं नाही. दिवे मालवले. काळीपांढरी नायिका खिडकीशी उभी राहून उसासे टाकू लागली. काकूंनी मोबाईलमध्ये डोकं घातलं, आणि दर्जाचे कैवारी बाबा पहिलं गाणं संपायच्या आत घोरायलाही लागले. आजोबा तेवढे एकटक पडद्याकडे बघत होते. जुन्या आठवणींत हरवले असतील, असं वाटून नात बिचारी तोंड फुगवून गप्प बसली.

तेवढ्यात आजोबा तिच्या कानाशी वाकले.

"पोरी, थिएटरात मशीन चालवायचो तेव्हा हे रडगाणं मी वर्षभर रोज चार-चार वेळा सोसलंय. तुझा बाप जागा व्हायच्या आत बदल बघू!"