लाल ठिपक्याचा बोर्ड

"बोर्ड सापडत नाही," लॅपटॉपनं पुन्हा तेच दाखवलं. नेवेनानं टेबलावर मूठ आपटली. सगळं उपटून पहिल्यापासून बसवायची ही तिसरी खेप. कंपायलर बसला, ड्रायव्हर बसला, चार ओळींचा सी प्रोग्राम एकही चूक न दाखवता तयार झाला. तो त्या बोटभर मायक्रोकंट्रोलर बोर्डावर चढवायची वेळ आली, की तोंडावर दार बंद. एक इवलासा दिवा लुकलुकवायचा, एवढंच तर काम! वर्गात बाकी सगळ्यांचे दिवे लुकलुकत होते. शुक्रवारी ज्याचा दिवा लागणार नाही, त्याचं नाव प्रोफेसर ओब्राद कोर्समधून काढणार होते. त्यांनीच वाटलेल्या या बोर्डाच्या कोपऱ्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. कुणा आधीच्या मुलीचा चाळा असेल, असं तिला वाटलं होतं. आता तो ठिपका बघूनही तिचं डोकं फिरत होतं.

अंगणात वडील हिवाळ्यासाठी आयवरची चटणी घालायला लाल मिरच्या भाजत होते. ऑक्टोबरात सगळ्या सर्बियात हाच धूर असतो. पेटला का दिवा, असं त्यांनी खिडकीतून विचारलं. तिनं केबल पुन्हा उपटून खोचली. मग शेजाऱ्यालाही ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणाले, "एकीला डोकं नव्हतं. आता दुसरीचं बघू."

ती एक म्हणजे सेन्का, नेवेनाची मोठी बहीण. तीन वर्षांपूर्वी याच टेबलावर, याच लॅपटॉपवर, हाच दिवा लावायला ती झुंजली होती. शेवटी म्हणाली, माझं डोकं या कामाचं नाही गं. आता ती ऑस्ट्रियात एका हॉटेलातल्या चादरी बदलते आणि फोनवर कसलीही तक्रार करत नाही. नेवेनाला त्याचाच सगळ्यात जास्त राग यायचा.

एकमेकांचे बोर्ड घ्यायचे नाहीत, असा ओब्रादांचा कडक नियम होता. शुक्रवारी नेवेनानं तो धाब्यावर बसवला. शेजारच्या मिलुतिनचा बोर्ड न विचारता उपटला आणि आपल्या लॅपटॉपला लावला. दिवा लगेच लुकलुकायला लागला. आपला बोर्ड त्याच्या लॅपटॉपला लावून पाहिला. काही नाही. तशीच उठली आणि तो बोर्ड तिनं प्रोफेसरांच्या टेबलावर आपटला.

"माझ्यात खोट नाही, सर. तुमचा बोर्ड मेलाय."

सगळा वर्ग वळून बघायला लागला. ओब्राद मात्र चक्क हसले. खुर्चीत मागे रेलून त्यांनी सगळ्यांना तो लाल ठिपका दाखवला. तो त्यांनीच लावलेला होता. बोर्ड मेलेलाच होता, आणि दरवर्षी ते तो मुद्दाम कुणा एकाला देत होते. इंजिनिअरनं स्वतःवर शंका घेण्याआधी हातातल्या वस्तूवर घ्यावी, हे म्हणे पुस्तकातून शिकवता येत नाही. आजवर तो असा आणून कुणी आपटला नव्हता. बाकीचे मुकाट्यानं कोर्स सोडून गेले होते.

"तुझ्या बहिणीलाही हाच दिला होता," ते कौतुकानं म्हणाले. "तिनं माझी माफी मागितली आणि गेली. तू वेगळ्या मातीची आहेस, पोरी."

त्यांनी कोरा बोर्ड पुढे केला. नेवेनानं तो घेतला, पण हात मागे घेतला नाही.

"तो मेलेलाही द्या," ती म्हणाली. "माझ्या ताईचा आहे तो. आज बाबांच्या ताटात वाढायचाय."