दुसरं हँडल

बापाचा हातमाग विकून मी व्हिडिओ गेम आणला. लाज कसली? मागाने आमचं पोट कधी भरलं?

सदर बाजारातल्या दुकानदाराने सुचवलेला पहिला गेम चेंडूचा, दोघांनी खेळायचा. मी एकटाच खेळायचो. दुसरं हँडल जमिनीवर पडलेलं, तरी टीव्हीवर समोरची पट्टी चेंडू अचूक परतवायची. टक, टक.

आई डोळे मिटून ऐकायची. "तुह्या बापाचा धोटा आहे गा हा." मागावर सूत घेऊन धोटा असाच इकडून तिकडे पळायचा.

बाप मेला तेव्हा मागावर तिचं लुगडं अर्धं राहिलं होतं. ते कापून तिने पेटीत ठेवलं. "पुरं झालं का नेसून त्याच्यापाशी जाईन," म्हणायची.

आज तिने पेटी उघडली. अर्धं लुगडं लांबलं होतं, नव्या विणीची खळ अजून ओली होती.

मी गेमची वायर उपटली. टक, टक चालूच राहिलं.

"वीतभरच विणायचं उरलं गा," आई हसली.