पाचवा वीरगळ

पुण्याहून डोंगर चढायला आलेली बारा माणसं ज्या दगडाला सकाळपासून गावभर शोधत होती, त्याच दगडावर चंद्राबाई नवऱ्याची विजार आपटत होती.

पाटणच्या वरच्या अंगाला, गडाच्या पायथ्याशी वसलेलं हे जुनं गाव. लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, म्हणजे वीरगळ, इथं पाच असल्याची नोंद त्या मंडळींना घेऊन आलेल्या विश्वजित सरांच्या वहीत होती. चार देवळापुढं उभे होते. पाचवा काही केल्या सापडत नव्हता. सर हाडाचे अभ्यासक, पण काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी त्यांची गत झाली होती.

चंद्राबाईला सगळं ठाऊक होतं. देवळापुढचे चारही दगड पूर्वी बायकांच्या हाताशीच होते. मग गावच्या पुरुषांनी ते उचलून ओट्यावर बसवले, ऑइलपेंट फासला, कठडा घातला आणि पाटी लावली, ‘महिलांनी आत येऊ नये’. पाचवा ओढ्यात पालथा पडला होता म्हणून वाचला. नवी सून आली की सासू तिला इथं आणते आणि दगडाखाली हात घालून बोटांनी सगळं बघायला लावते. पुरुषांना ह्याचा पत्ता नाही. गावात बायकांचा म्हणावा असा हा एकच दगड उरला होता, आणि तो हातचा जाऊ द्यायचा चंद्राबाईचा बिलकूल विचार नव्हता.

"आजी, इकडं कुठं कोरलेला दगड पाहिलात का?" सरांनी काठावरून विचारलं.

"कोरल्यालं देवळात हायती. ह्यो धुन्याचा हाय."

ह्यात खोटं काहीच नव्हतं. सर मान डोलावून ओढ्याच्या वरच्या अंगाला निघाले. त्यांच्यातली सृष्टी नावाची मुलगी मात्र मागं राहिली. चिखलानं भरलेले मोजे धुवायला ती चंद्राबाईशेजारी उकिडवी बसली. एक मोजा निसटला आणि धारेबरोबर दगडाखाली गेला. तो काढायला तिनं आत हात घातला, आणि हात आतच राहिला.

पोरीनं एक हाक मारली की खेळ खलास. चंद्राबाईनं विजार बाजूला ठेवली.

"हळू, पोरी. गाय हाय ती. पोटाला वासरू लागलंय बग."

सृष्टीची बोटं पुढं सरकली. वासरू लागलं. मग ढाल, मग तलवारीचा हात.

"काही सापडलं का गं?" वरून सरांची हाक आली.

सृष्टीनं चंद्राबाईकडं पाहिलं. चंद्राबाईनं हात जोडले नाहीत की गयावया केली नाही.

"चोरून ठेवला न्हाई आमी. पर ओट्यावर गेला की आमच्या हाताला यायचा न्हाई. आता तुझं तू बग."

"मोजा सापडला, सर!" सृष्टी ओरडली. सर पुढं गेले. हात तसाच आत ठेवून तिनं हळूच विचारलं, "आजी, ह्यानं नेमकं केलं काय?"

"चोरांनी गावच्या गाई पळवल्या, तवा ह्यो एकटा आडवा गेला." चंद्राबाईनं विजार पुन्हा पाण्यात बुडवली. "त्यानं गाई राखल्या. आमी त्याला राखलाय."